प्रश्न तुमचे: प्रयोग मांडण्याआधी

वर्तनविषयक प्रयोगांच्या आराखड्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी सात या अंकात घेतले आहेत. बहुतेकांना माहिती गोळा झाल्यावर कोणती चाचणी लावायची, हे विचारायचे होते. आमची उत्तरे त्यांना थोडी मागे नेतील. पहिला सहभागी खोलीत येण्याआधी जे चुकते ते कोणत्याही चाचणीने दुरुस्त होत नाही, म्हणून.

प्रश्न १ : आवाज चालू असताना वाचलेले किती समजते, यावर एम.ए.चा प्रबंध करते आहे. शांतता, वाद्यसंगीत, शब्द असलेले गाणे आणि माणसांच्या बोलण्याचा गलबला, अशा चार परिस्थिती आहेत. चार वेगळे गट घ्यावेत की त्याच लोकांना चारही परिस्थितींत बसवावे? मार्गदर्शकांच्या मते वेगळे गट जास्त सुरक्षित.

या विषयाला तेच लोक चारही परिस्थितींत बसवणे योग्य. वाचून समजण्याची कुवत माणसागणिक इतकी वेगळी असते की आवाजामुळे पडणारा फरक त्यात बुडून जातो. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली की हा गोंगाट वजा होतो. मध्यम परिणाम, म्हणजे कोहेनचा डी (सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) ०.५, पकडायचा आहे असे धरा. सार्थकता पातळी (परिणाम नसताना तो ‘सापडण्याची’ चालवून घेतलेली शक्यता) ०.०५, चाचणी दुपुच्छी (फरक कोणत्याही दिशेचा चालेल अशी), पॉवर (परिणाम खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के. दोन परिस्थितींची तुलना वेगळ्या गटांत केली तर प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ माणसे लागतात. त्याच माणसांकडून दोन्ही मोजमापे घेतली आणि त्या दोहोंतला सहसंबंध ०.५ असला, तर ३४ पुरतात. सहसंबंध ०.८ असेल तर पंधरा-सोळांत काम होते.

प्रश्न येतो तो क्रमाचा. चौथा उतारा वाचताना माणूस सरावलेलाही असतो आणि दमलेलाही. म्हणून क्रम फिरवायचा, आणि नेमके इथेच बरेच प्रबंध घसरतात. परिस्थितींना क, ख, ग, घ म्हणा. सहज सुचणारी मांडणी अशी असते: कखगघ, खगघक, गघकख, घकखग. प्रत्येक परिस्थिती प्रत्येक जागी एकदा येते, त्यामुळे सगळे समतोल वाटते. पण नीट पाहा. चारपैकी तीन ओळींत ख हा क च्या लगेच मागोमाग आला आहे. गलबल्यानंतरची शांतता आणि गाण्यानंतरची शांतता सारखी नसते. इथे शांततेच्या आधी काही आलेच तर ते प्रत्येक वेळी घ आहे. त्याऐवजी ही मांडणी घ्या:

कखघग
खगकघ
गघखक
घकगख

यात प्रत्येक परिस्थिती प्रत्येक जागी एकदा येते आणि उरलेल्या प्रत्येक परिस्थितीच्या लगेच नंतरही बरोबर एकदाच येते. परिस्थितींची संख्या सम असेल तर असा एक चौरस पुरतो. तीन किंवा पाच असतील तर दोन चौरस लागतात, म्हणजे ओळी दुप्पट.

उताऱ्यांचेही तसेच. चार परिस्थितींना चार उतारे लागतील आणि कितीही काळजी घेतली तरी त्यांतला एखादा सोपा निघणारच. तो सोपा उतारा कायम शांततेत वाचला गेला तर शांततेचा गुण आणि उताऱ्याचा गुण वेगळे काढता येणार नाहीत. म्हणून उतारेही परिस्थितींमध्ये फिरवा. चार क्रम आणि उताऱ्यांच्या चार जोडण्या मिळून १६ प्रकार होतात, तेव्हा सहभागींची संख्या १६ च्या पटीत ठेवा. ४८ घेतले तर वरच्याच गृहीतांवर एका जोडीच्या तुलनेची पॉवर ९० टक्क्यांच्या वर जाते. चार परिस्थितींत सहा जोड्या होतात. त्यांतली मुख्य कोणती, हे आधीच ठरवून लिहून ठेवा.

तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे कुठे खरे ठरते, तेही सांगायला हवे. क्रम फिरवल्याने सराव आणि थकवा सगळ्यांना सारखा वाटला जातो. पण क नंतर ख केल्याचा परिणाम एक आणि ख नंतर क केल्याचा भलताच, असे असेल तर क्रम फिरवून काहीच साधत नाही. पाठांतराची एखादी युक्ती शिकवली की ती पुढच्या फेरीत ‘न शिकल्यासारखी’ करता येत नाही. तिथे वेगळे गटच हवेत. तुमच्या प्रयोगात शंका राहिली तर प्रत्येकाची फक्त पहिली परिस्थिती घेऊन, जणू चार वेगळे गट आहेत अशी तुलना करून पाहा. संख्या लहान असल्याने ती सार्थक ठरणार नाही, पण कल उलटा दिसला तर क्रमाचा घोळ आहे असे समजा.

प्रश्न २ : नव्या अध्यापन पद्धतीचा परिणाम पाहायचा आहे. एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी. दोन्हींत ३०-३० विद्यार्थी. ६० चा नमुना पुरेसा आहे ना?

दुर्दैवाने तुमचा नमुना ६० चा नाही, दोनचा आहे. पद्धत विद्यार्थ्याला दिलेली नाही, तुकडीला दिली आहे. नव्या पद्धतीच्या तुकडीला गुण जास्त मिळाले तर ते पद्धतीमुळे, शिक्षकामुळे, तासाच्या वेळेमुळे की त्या तुकडीच्या एकंदर वळणामुळे, हे सांगायला या आराखड्यात जागाच नाही. ज्या एककाला आपण चिठ्ठी टाकून पद्धत देतो तेच एकक मोजायचे, हा नियम शिक्षणशास्त्रातल्या प्रबंधांत वारंवार मोडला जातो.

तुकड्या वाढवल्या तर किती लागतील, त्याचा हिशेब असा. एका तुकडीतली मुले एकमेकांसारखी असतात. हे सारखेपण मोजणारा गुणांक ०.१ धरला, तर नमुना किती पट वाढवायचा त्याचे सूत्र आहे: १ + (तुकडीतली मुले − १) × गुणांक. म्हणजे १ + २९ × ०.१ = ३.९. एरवी प्रत्येक गटात ६४ पुरले असते, तिथे आता सुमारे २५० हवेत, म्हणजे प्रत्येक बाजूला ९ तुकड्या. तुकड्यांची संख्या थोडी असल्याने आणखी एक जादा धरा. प्रत्येक तुकडीतली यादृच्छिक १० मुलेच तपासली तर पट १.९ वर येते. मग प्रत्येक बाजूला १२२ मुले, म्हणजे १३ तुकड्या. मुले निम्मी झाली, तुकड्या मात्र वाढल्या. तुकडी मिळवणे कठीण की मूल तपासणे, यावर यातले काय निवडायचे ते ठरते.

खरोखरच दोनच तुकड्या हाताशी असतील तर आराखडा बदला. अभ्यासक्रमातल्या एका घटकाऐवजी सहा किंवा आठ घटक घ्या. प्रत्येक घटकासाठी कोणत्या तुकडीला नवी पद्धत मिळणार, हे चिठ्ठीने ठरवा, पण दोघींच्या वाट्याला ती सारख्याच वेळा यायला हवी. असे केल्याने तुकडीची एकंदर हुशारी दोन्ही पद्धतींच्या वाट्याला सारखी येते. दोनच घटक घेतले तर ‘ही तुकडी त्या घटकात मुळातच बरी होती’ ही शंका उरते. घटक जितके जास्त तितकी ती विरळ होते. निष्कर्ष मात्र या दोन तुकड्यांपुरताच, आणि प्रबंधात तसे स्पष्ट लिहा.

प्रश्न ३ : चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेले २५ विद्यार्थी निवडून सहा आठवडे एकाग्रतेचे प्रशिक्षण दिले. गुण सरासरी सहाने वाढले, टी-चाचणीही सार्थक आली. परीक्षक म्हणतात, यातून काही सिद्ध होत नाही. का?

परीक्षकांचे बरोबर आहे. चाचणीची सरासरी ५० आणि विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण किती जुळतात याचे माप) ०.६ आहे असे धरा. तळातून निवडलेल्यांची सरासरी ३५ आहे, म्हणजे सरासरीहून १५ ने कमी. या १५ मध्ये काही खरी उणीव असते आणि काही त्या दिवसाचे दुर्दैव: झोप नीट न होणे, एखादा प्रश्न चुकीचा वाचणे. दुर्दैव दुसऱ्या वेळी तितकेच वाट्याला येत नाही. काहीही प्रशिक्षण न देता पुन्हा चाचणी घेतली तर अपेक्षित सरासरी ५० − ०.६ × १५ = ४१. सहा गुण नुसते बसून वाढले. यालाच सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या आकड्यांत ते दाखवले होते. यात तीच चाचणी पुन्हा दिल्याचा सराव आणि सहा आठवड्यांत वर्गात झालेले इतर शिक्षण मिळवले की प्रशिक्षणाच्या नावावर किती टाकायचे, ते कळत नाही.

उपाय म्हणजे तळातल्याच विद्यार्थ्यांपैकी चिठ्ठीने निम्मे प्रशिक्षणाला आणि निम्मे प्रतीक्षायादीत. प्रतीक्षेतल्यांना अभ्यास संपल्यावर तेच प्रशिक्षण द्या, म्हणजे कोणी वंचित राहत नाही. मात्र प्रतीक्षायादीचा गट फक्त ‘काहीतरी मिळाले’ आणि ‘काहीच मिळाले नाही’ यांतला फरक दाखवतो. एकाग्रतेच्या प्रशिक्षणातला खास भाग काम करतो असे म्हणायचे असेल, तर दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ, तोच प्रशिक्षक आणि तितकेच लक्ष देणारा दुसरा कार्यक्रम हवा. पूर्वचाचणीचे गुण वाया घालवू नका. ते सहचल (निकालावरचा ज्याचा प्रभाव हिशेबात वेगळा काढता येतो अशी नोंद) म्हणून विश्लेषणात घ्या. पूर्व आणि उत्तर चाचणीतला सहसंबंध ०.७ असेल तर लागणारा नमुना जवळपास निम्म्यावर येतो.

प्रश्न ४ : येतील तसे पहिला अ गटात, दुसरा ब गटात, अशी वाटणी केली. ही यादृच्छिक म्हणता येईल का?

नाही. पुढचा माणूस कोणत्या गटात जाणार हे आधीच कळते, आणि कळले की नकळत हात फिरतो. उत्साही दिसणारा विद्यार्थी ‘दोन मिनिटे थांब’ म्हणून पुढच्या क्रमांकावर ढकलला जातो.

नुसते नाणे उडवणेही लहान नमुन्यात त्रासाचे. २० जणांत ७-१३ किंवा त्याहून वाईट वाटणी होण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. म्हणून ठोकळे वापरा. चारच्या ठोकळ्यात दोन अ आणि दोन ब, अशा सहा रचना होतात. प्रत्येक वेळी त्यांतली एक यादृच्छिक उचलायची. सगळे ठोकळे चारचेच ठेवले तर शेवटचा माणूस ओळखता येतो, म्हणून चार आणि सहाचे ठोकळे सरमिसळ करा. यादी संगणकावर करा आणि वापरलेला सीड (यादी जिथून सुरू होते तो आकडा) नोंदवून ठेवा, म्हणजे तीच यादी पुन्हा काढून दाखवता येईल. यादी करणारी व्यक्ती आणि सहभागींना भेटणारी व्यक्ती वेगळी हवी. क्रमांक घातलेली, उजेडात धरली तरी आतले न दिसणारी बंद पाकिटे करा. सहभागीने संमतिपत्रावर सही केल्यावर आणि पूर्वचाचणी झाल्यावरच पाकीट उघडायचे.

वाटणीनंतर दोन गटांचे वय आणि गुण यांवर टी-चाचण्या लावून ‘गट समान आहेत’ असे दाखवायची पद्धत पडली आहे. तिचा उपयोग नाही. वाटणी खरोखर यादृच्छिक असेल तर दिसणारा फरक योगायोगाचाच, तो चाचणीला विचारायची गरज नाही. एखादी गोष्ट निकालावर प्रभाव टाकते हे आधीच माहीत असेल तर ती सहचल म्हणून सुरुवातीलाच नोंदवा.

प्रश्न ५ : मुख्य प्रयोगाआधी घेतलेल्या २० जणांच्या प्रायोगिक चाचणीत डी ०.५ आला. त्यावरून नमुन्याचा आकार काढू का? की २०-२० ने वाढवत जाऊन, सार्थक आले की थांबू?

दोन्ही नको. प्रत्येक गटात १० जण असताना आलेल्या ०.५ ची ९५ टक्के विश्वास-मर्यादा (खरा परिणाम कुठपासून कुठपर्यंत असू शकतो याचा अंदाज) साधारण −०.४ ते १.४ असते. उलट्या परिणामापासून प्रचंड परिणामापर्यंत काहीही त्यात बसते. नमुना ठरवताना वेगळे विचारा: किती लहान फरकही आपल्या विषयात महत्त्वाचा आहे? तो फरक धरून जी-पॉवरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडा काढा. ०.५ साठी गटात ६४, ०.८ साठी २६ आणि ०.२ साठी जवळपास ४००. हा शेवटचा आकडा पाहून बरेच जण विषय बदलतात, आणि ते योग्यच करतात.

वाढवत जाऊन थांबण्याचा धोका मोठा आहे. २०, ४०, ६०, ८० आणि १०० जणांवर पाच वेळा डोकावले आणि दर वेळी ०.०५ चीच कसोटी लावली, तर परिणाम मुळीच नसताना तो ‘सापडण्याची’ शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जाते. मध्ये पाहणे आवश्यकच असेल तर किती वेळा पाहणार हे आधी जाहीर करा आणि कसोटी कडक करा. पोकॉक यांच्या १९७७ च्या पद्धतीत पाच वेळा पाहायचे असेल तर दर वेळी ०.०१५८ हा उंबरठा धरतात.

प्रायोगिक चाचणी कशासाठी, तर सूचना सगळ्यांना एकाच अर्थाने समजतात का, सत्राला किती वेळ लागतो, आणि गुण वर किंवा खाली चिकटतात का, हे पाहण्यासाठी. दोन्ही गटांत ९५ टक्के उत्तरे बरोबर येत असतील तर काम फार सोपे आहे. फरक असला तरी त्याला दिसायला जागा नाही. दुसरे म्हणजे या थोड्या माहितीवर संपूर्ण विश्लेषण एकदा चालवून पाहा. प्रतिसादाची वेळ साठवलीच गेली नाही, किंवा कोणता सहभागी कोणत्या क्रमात होता याचा रकाना फाइलमध्ये नाही, हे ४८ जण झाल्यावर कळण्यापेक्षा चार जणांवर कळलेले बरे. प्रतिसाद-काळाचे कोणते आकडे वगळणार, उदाहरणार्थ २०० मिलिसेकंदांहून कमी, तेही इथेच ठरवून लिहा. प्रायोगिक चाचणीतली माणसे मुख्य नमुन्यात मिसळू नका.

प्रश्न ६ : अ या उपायाचा परिणाम दिसतो, हे ६४-६४ च्या गटांत सिद्ध झाले आहे. आता ‘तणावाखाली तो नाहीसा होतो’ हे दाखवायचे आहे. चार गटांत ६४-६४ घेतले तर चालेल?

चालणार नाही. इथे तुम्ही फरकांतला फरक मोजता आहात. त्यात चार सरासरींची अनिश्चितता मिसळते, दोघींची नाही. तणावाखाली परिणाम पूर्ण शून्य होत असला तरी तेवढ्याच पॉवरसाठी प्रत्येक गटात दुप्पट, म्हणजे १२८ हवेत. एकूण ५१२. परिणाम नुसता निम्मा होत असेल तर प्रत्येक गटात आणखी चौपट. शक्य असेल तर उपाय किंवा तणाव यांपैकी एक गोष्ट त्याच माणसांवर दोन्ही प्रकारे द्या.

प्रश्न ७ : वर्गात वारंवार जागेवरून उठणारी चारच मुले माझ्याकडे आहेत. गट करणे शक्य नाही. नोंदी मीच ठेवणार आहे. यातून प्रयोग होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि चांगला होऊ शकतो. एकेका व्यक्तीवरच्या प्रयोगांचे आराखडे याचसाठी आहेत. उपाय द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा, हा एक मार्ग. पण उपायाने मूल काही कौशल्य शिकले असेल तर ते काढून घेता येत नाही, आणि स्वतःला इजा करण्यासारखे वर्तन असेल तर उपाय थांबवणे अयोग्य. चार मुलांसाठी वेगवेगळ्या लांबीच्या आधाररेषा (उपाय सुरू होण्याआधीच्या नोंदी) हा आराखडा बसतो. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ मध्ये तो मांडला. चौघांच्याही नोंदी एकाच दिवशी सुरू करायच्या. पहिल्याला उपाय ५ नोंदींनंतर, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ११ आणि चौथ्याला १४ नंतर. कोण पहिला, ते चिठ्ठीने. ज्याचा उपाय सुरू झाला त्याचेच वर्तन बदलले आणि बाकीच्यांचे तसेच राहिले, आणि हे प्रत्येक वेळी घडले, तर शाळेतला एखादा वेगळा प्रसंग हे कारण उरत नाही. वर्तन आपोआपच सुधारण्याकडे झुकत असेल तर उपाय सुरू करू नका. रेषा स्थिर होईपर्यंत थांबा.

तुमची खरी अडचण शेवटच्या वाक्यात आहे. उपाय देणारा आणि मोजणारा एकच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असे लोक मानत. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोडाही चुकतो असे दिसले. तो माणसांच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. १९६३ मध्ये रोझेंथाल आणि फोड यांनी विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले, काहींना ‘हुशार’ आणि काहींना ‘मठ्ठ’ म्हणून. ‘हुशार’ ठरवलेल्या उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. त्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम काही केले असे मानायची गरज नाही. अपेक्षा एवढे काम करते.

म्हणून वर्तनाची व्याख्या आधी घट्ट करा. ‘अस्वस्थ असणे’ असे लिहू नका. ‘परवानगीशिवाय आसनाशी संपर्क तुटणे, किमान दोन सेकंद’ असे लिहा. तासाची चित्रफीत घ्या. दुसऱ्या निरीक्षकाला आधाररेषा आणि उपाय, दोन्ही टप्प्यांतली किमान २० टक्के सत्रे, कोणती कोणत्या टप्प्यातली हे न सांगता, तारखा झाकून आणि क्रम मिसळून द्या. तास १५ सेकंदांच्या तुकड्यांत विभागून दोघांच्या नोंदी जुळवा: जुळलेल्या तुकड्यांना एकूण तुकड्यांनी भागून शंभरने गुणा. आधाररेषेच्या सत्रांतच हे ८० टक्क्यांच्या खाली आले तर मुलांवर उपाय सुरू करण्याआधी व्याख्या दुरुस्त करा आणि पुन्हा जुळवून पाहा. मूल क्वचितच उठत असेल तर ‘उठला नाही’ या तुकड्यांच्या जोरावर टक्केवारी फुगते. तेव्हा ज्या तुकड्यांत निदान एकाने तरी ‘उठला’ अशी नोंद केली आहे, तेवढ्यांचीच जुळणी वेगळी काढून दाखवा.